मुंबई-गोवा हायवे: गाडीतून चार स्टार, फाट्यावरून एक

दरवर्षी श्रावण लागला की माझ्याकडे एकच प्रश्न यायला लागतो, हायवे कसा आहे, खालून जाऊ की पुण्यावरून फिरून जाऊ. आमचं घर कणकवली तालुक्यात, नोकरी ठाण्याला, त्यामुळे हा रस्ता पावसात, उन्हात, दिवसा, रात्री, स्वतःच्या गाडीने, एसटीने, ट्रॅव्हल्सने असा सगळ्या प्रकारे केलाय. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. २०२५ च्या गणपतीपर्यंत जे बघितलं त्यावर हे सगळं आहे, त्यानंतर कुठला पूल चालू झाला असेल तर तेवढं निघण्याआधी बघून घ्या.

आधी निकाल सांगतो. स्टीअरिंगवर बसणाऱ्याला हा रस्ता आता बराच चांगला झालाय, आणि जिथे पूर्ण झालाय तिथे खरंच मस्त झालाय. पण रस्त्याकडेला राहणारा, एसटीची वाट बघत उभा असलेला, पलीकडच्या मळ्यात जाणारा माणूस, त्याचं जगणं ह्या रस्त्याने पूर्वीपेक्षा अवघड करून ठेवलंय. यूट्यूबवर बोगद्याचे आणि पुलांचे ड्रोनवाले व्हिडिओ ढीगभर आहेत, फाट्यावर उभं राहून कोणी रिव्ह्यू करत नाही म्हणून मी दोन्ही बाजू लिहितोय.

पूर्वी हा एनएच १७ होता, आता एनएच ६६ आहे, पण कोकणात अजूनही सगळे नुसतं हायवेच म्हणतात. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून चालू होतो आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्यात शिरतो. पळस्पे ते (रायगडातलं) इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, म्हणजे त्या वर्षी जन्मलेली पोरं आता दहावीच्या आसपास आहेत. इंदापूर ते झाराप हा पुढचा मोठा भाग दहा तुकडे करून वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिला, आणि रस्त्याचा दर्जा तुकड्या-तुकड्याने बदलतो त्याचं हे सरळ कारण आहे, कुठला कंत्राटदार टिकला आणि कुठला अर्ध्यात गेला ते गाडी चालवताना टायरखाली कळतं. अजून एक कारण कोणी फारसं बोलत नाही ते म्हणजे आपले सातबारे. कोकणात दहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, वारस नोंद नाही, मग मोबदला कोणाच्या खात्यात घालायचा ह्यावरून वर्षं गेली. हायकोर्टात जनहित याचिका झाल्या, तारखा दिल्या गेल्या, त्या तारखा उलटल्या, सगळ्यांना माहितीय, त्यात जास्त शिरत नाही.

पळस्पे ते इंदापूरबद्दल थोडक्यात. कर्नाळ्याच्या जंगलातून जाणारा भाग बरा आहे, वडखळ नाक्यावर पूर्वी अलिबागच्या गाड्यांमुळे जो तास-दीड तास जायचा तो बायपासमुळे वाचतो. नागोठणे ते कोलाड ह्या पट्ट्याने मात्र वर्षानुवर्षं लोकांच्या कंबरेची वाट लावलीय, काँक्रीट एका बाजूला झालंय, दुसऱ्या बाजूला डायव्हर्जन, पुन्हा काँक्रीट, पुन्हा डायव्हर्जन, आणि रात्री डायव्हर्जनचा बोर्ड दिसेपर्यंत आपण त्याच्यावर पोचलेलो असतो. खरी अडचण इंदापूर आणि माणगाव. दोन्हीचे बायपास कागदावर कधीचे आहेत, काम अर्धवट, त्यामुळे पुढे मागे चार लेन आणि मधे माणगावची बाजारपेठ, रिक्षा स्टँड, एसटी स्टँड, भाजीवाले सगळं एका जुन्या दोन लेनच्या रस्त्यावर. गणपतीच्या दोन दिवस आधी, होळीच्या आधी आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी इथे जी रांग लागते ती तुमच्या अख्ख्या प्रवासाचं गणित ठरवते. मुंबईहून निघालात आणि माणगाव पहाटे पाच-साडेपाचच्या आत मागे टाकलंत तर उरलेला दिवस तुमचा, एवढं लक्षात ठेवा. पुण्यातून येणारे ताम्हिणी उतरून बरोबर माणगावातच येतात, ती गर्दी वेगळी.

महाडला सावित्रीचा पूल येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई ह्या दोन एसटी आणि एक खाजगी गाडी गेली. त्यातल्या राजापूर गाडीने आमच्याकडचे कितीतरी लोक नेहमी जायचे, आमच्या वाडीत त्या रात्री कोणी झोपलं नव्हतं, ज्याचा माणूस प्रवासात होता तो फोन लावत बसला होता. नवीन पूल १६५ दिवसांत बांधला आणि जून २०१७ ला चालू झाला, चांगला रुंद पूल आहे. मला प्रत्येक वेळी तिथे हेच वाटतं की १६५ दिवसांत पूल होऊ शकतो हे ह्याच रस्त्याने दाखवून दिलंय, मग बाकीच्या पुलांना ही घाई लागायला कोणी जीव गमवायची गरज नव्हती. खेडच्या जगबुडीवरही तेच, २०१३ ला खाजगी बस अरुंद पुलावरून नदीत कोसळली, ३७ माणसं गेली, तेव्हा कुठे जुन्या पुलांचा विषय लोकांच्या तोंडी आला.

आता कशेडी. ह्या सगळ्या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट मला विचाराल तर कशेडीचा बोगदा. जुना घाट ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको, पोलादपूर सोडलं की एखादा ट्रेलर पुढे आला की संपलं, पहिल्या गिअरवर त्याच्या मागे धूर खात चढायचं, वळणावर ओव्हरटेक करणारे महाभाग वेगळे, पोरं गाडीत ओकायची, पावसात दरड आली की मग चार-पाच तास कुठेच हलता यायचं नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तर सहज जायची. आता डोंगराच्या पोटातून साधारण दोन किलोमीटरचे जोड बोगदे आहेत, अलीकडे पलीकडे नवीन रस्ता, दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही खेडच्या बाजूला. २०२३ च्या गणपतीआधी एक बोगदा लहान गाड्यांना उघडला तेव्हा आई मागे बसली होती, तिने विचारलं घाट कधी लागणार आणि मी सांगितलं की लागून गेला, तिचा विश्वासच बसेना. पावसाळ्यात बोगद्यात छतातून पाणी गळायचं, त्याच्या बातम्याही आल्या, ग्राउटिंग करून, म्हणजे भेगांत सिमेंट भरून, काही ठिकाणी ते कमी झालंय, पण जोराच्या पावसात आत शिरताना वायपर चालूच ठेवा आणि स्पीड साठच्या वर नेऊ नका. आत गाडी थांबवून सेल्फी काढणारे दिसतात, कृपा करून असं करू नका, मागून येणाऱ्याचे डोळे उजेडातून अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो.

बोगद्यातून बाहेर पडलं की खेडचा भरणे नाका, तिथे वरून सरळ निघता येतं. लोटे एमआयडीसीपाशी ट्रकांचा पसारा असतो. मग परशुराम घाट. इथे मात्र मला अजून धाकधूक होते. डोंगर जवळजवळ सरळ उभा कापलाय, माती लाल आणि भुसभुशीत, वर परशुरामाचं देऊळ आणि गाव, खाली पेढे गाव, म्हणजे दरड वरून आली तर रस्ता जातो आणि रस्ता खचला तर खालची घरं जातात. २०२२ च्या उन्हाळ्यात काम उरकायला घाट दुपारचे काही तास बंद ठेवायचे, तेव्हा लोकांनी आंबडस-चिरणीच्या आतल्या रस्त्याने चकरा मारल्या. आता चार लेन वापरात आहेत, जाळ्या आणि भिंती घातल्यात, पण पावसात भराव खचल्याच्या बातम्या येतच असतात. मुसळधार असेल तर डोंगराकडची लेन सोडा आणि सवतसडा बघायला वळणावर गाडी लावू नका, धबधबा कितीही भरून वाहत असला तरी.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल बांधता बांधता १६ ऑक्टोबर २०२३ ला कोसळला. नशिबाने जीवितहानी झाली नाही. त्यानंतर मधे जास्तीचे पिलर घेऊन दोन पिलरमधलं अंतर कमी करायचं ठरलं आणि काम पुन्हा लांबलं, त्यामुळे चिपळूणात अजून खालून, सर्विस रोडने, गर्दीतून जावं लागतं. चिपळूणकरांनी २०२१ चा महापूर काढला, मग धूळ काढली, मग हे. तिथे थांबून जेवायला माझी ना नाही, उलट थांबा, धुळीमुळे तिथल्या रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांचं फार नुकसान झालंय.

सावर्डे ठीक. आणि मग येतो आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड, ह्या रस्त्यावरचा सगळ्यात रडका पट्टा. संगमेश्वर, निवळी, हातखंबा, पाली, लांजा ही सगळी गावं ह्यात येतात. कंत्राटदार बदलले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, जागोजाग नुसते पिलर उभे, त्यांच्यातून लोखंडाच्या सळ्या वर आलेल्या, खाली मातीचा रस्ता, उन्हाळ्यात धूळ आणि पावसात चिखल. संगमेश्वरच्या बाजारपेठेत घरांच्या दारात लोकांनी हिरवी नेट लावलीय धुळीसाठी. हातखंबा हा रत्नागिरीला वळायचा तिठा, उताराला तीव्र वळण, आणि जयगडहून गॅसचे टँकर ह्याच रस्त्याने जातात. २०२२ मध्ये लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर खाली काजळी नदीत गेला तेव्हा हायवे कितीतरी तास बंद होता, लोकांना आडवाटेने फिरवलं. तुमच्या पुढे टँकर असेल तर ह्या पट्ट्यात त्याला चिकटून चालवू नका, उताराला तर अजिबात नाही. गाडीचं सस्पेन्शन कमजोर असेल, गाडीत गरोदर बाई किंवा पाठीचं दुखणं असलेलं माणूस असेल तर मी स्पष्ट सांगतो, हा पट्टा चालू झाल्याशिवाय खालून जाऊ नका, रेल्वे बघा.

वाकेड संपलं की अचानक सगळं बदलतं. काँक्रीट गुळगुळीत, मधे दुभाजकात झाडं, राजापूरला अर्जुना नदीवरचा उंच नवा पूल, वरून खाली बघितलं की नदीचं खोरं दिसतं आणि जुना वळणावळणाचा उतार आठवतो. खारेपाटण, तळेरे, नांदगाव, कणकवली, ओरोस, कुडाळ, झाराप, हा सिंधुदुर्गाचा भाग चालवायला सुख आहे. पूर्वी राजापूर-कुडाळला दोन-अडीच तास धरायचो, आता आरामात दीड तासाच्या आत. दवाखान्याच्या दृष्टीने तर हे फार मोठं आहे, कणकवलीहून पेशंटला गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं तर आता ॲम्ब्युलन्स न अडता जाते, गोव्यात मांडवीचा नवा पूलही झालाय. आमच्या गावातल्या एका काकांचा जीव वेळेत पोचल्यामुळे वाचला, तेव्हा रस्त्याने काही दिलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

पण आता फाट्यावर या.

आमच्या फाट्यावर पूर्वी एक मोठा वड होता, वडाखाली दगडी पार, शेजारी एसटीची शेड, शेडीला लागून चहाची टपरी. चौपदरीकरणात वड गेला, पार गेला, शेड गेली. ह्या रस्त्यावर असे जुने वड किती गेले, सावली किती गेली, त्याबद्दल कोणी बोलत नाही. शेड पुन्हा बांधून देऊ असं सांगितलेलं, कित्येक ठिकाणी ती अजून झालेली नाही, कुठे गावकऱ्यांनी वर्गणी काढून पत्रे टाकलेत. म्हातारी माणसं, शाळेतल्या मुली, बाजाराची पिशवी घेतलेल्या बायका भर उन्हात आणि पावसात साइडपट्टीवर उभ्या असतात आणि त्यांच्या हातभर अंतरावरून शंभरच्या स्पीडने गाड्या जातात. एसटीवाला तरी कुठे थांबणार? पुलावरून गेला तर खालचे लोक राहतात, सर्विस रोडने गेला तर पुढे सर्विस रोडच संपतो.

सर्विस रोड हा तर वेगळाच विषय आहे. सलग नाहीत. पाचशे मीटर आहे, मग नाही, मग पुन्हा आहे. दुभाजकाला कट दूर दूर ठेवलेत, ते हायवेच्या नियमाने बरोबर असेल, पण पलीकडे काजूची बाग असलेल्या माणसाने दोन किलोमीटर जाऊन वळून यायचं, तर तो काय करतो, तो बाइक उलट्या बाजूने घालतो. रॉंग साइड येणाऱ्या बाइकला लोक शिव्या देतात, मला राग येतो तो रस्ता आखणाऱ्याचा, कारण गाव कुठे आहे, शाळा कुठे आहे, देवळाची वाट कुठून ओलांडते, हे विचारायला कोणी आलं असतं तर लोकांनी पाच मिनिटांत दाखवलं असतं. झाराप झिरो पॉइंटला किती अपघात झाले ते तिथल्या कोणालाही विचारा. पादचारी पूल नाहीत, भुयारी मार्ग आहेत तिथे पावसात पाणी साचतं, दिवे लागतील याची खात्री नाही.

पाण्याचंही तसंच. भराव घालून रस्ता उंच केला, मोऱ्या छोट्या ठेवल्या किंवा चुकीच्या जागी ठेवल्या, मग डोंगराचं पाणी जे पूर्वी पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, नदीला जायचं ते आता लोकांच्या अंगणात आणि भाताच्या खाचरात जातं. पहिल्या पावसात कोणाच्या घरात पाणी शिरलं अशी बातमी आली की हायवेलगतचं घर आहे हे सांगावं लागत नाही. कणकवलीत २०२० च्या पावसाळ्यात उड्डाणपुलाच्या जोडरस्त्याची भिंत हायस्कूलसमोर कोसळली होती, लॉकडाऊन होता म्हणून शाळा बंद होती, शाळा चालू असती तर काय झालं असतं ह्याचा विचार मी अजून करू शकत नाही.

बायपासमुळे गावांचं काय होतं ते सावंतवाडीत बघा. झाराप-पत्रादेवी हा साधारण २१ किलोमीटरचा चौपदरी रस्ता बाकी हायवेच्या कितीतरी आधी झाला आणि सावंतवाडी शहर बाजूला पडलं. पूर्वी गोव्याला जाणारी प्रत्येक गाडी मोती तलावाच्या कडेने जायची, माणसं उतरायची, चहा प्यायची, पोरांसाठी लाकडी खेळणी घ्यायची. आता गाडी सरळ बांद्याला. शहरातली गर्दी कमी झाली, हवा चांगली झाली हे खरंच, पण धंदा गेला तो गेला. कणकवलीतही उड्डाणपूल झाल्यापासून खालचे हॉटेलवाले तेच सांगतात. एक वडापाववाले भाऊ मला म्हणाले, "गाडये वरसून जातत आणि आमी खालसून बघतंव." मला वाटतं इथे बोर्ड तरी नीट लावता आले असते. शहरात जायचं असेल तर कुठून उतरायचं हे पुलाच्या तोंडाशी आल्यावर कळतं, तोपर्यंत मागून हॉर्न सुरू होतात, नवखा माणूस घाबरून सरळ वर जातो. एक किलोमीटर आधी मोठा मराठी बोर्ड, शहर, बाजारपेठ, एसटी स्टँड, एवढ्यानेही फरक पडेल. तुम्ही तरी मुद्दाम खाली उतरा. कणकवलीत, कुडाळात, सावंतवाडीत मासे-भाकरी, सोलकढी, घावणे-चटणी मिळते ती पुलावर मिळत नाही.

टोलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. राजापूरजवळ हातिवले आणि कणकवलीजवळ ओसरगाव इथे नाके उभे केले आणि लोकांनी विरोध केला, तो विरोध मला पटतो. पळस्पे ते पत्रादेवी सलग रस्ता होत नाही, फाट्यावर शेडी येत नाहीत, सर्विस रोड जोडत नाहीत, तोवर शेजारच्या गावात लग्नाला जाणाऱ्याकडून पैसे मागू नयेत.

आता निघणाऱ्यांसाठी. गणपतीच्या आदल्या दोन रात्री खालून जायचंच असेल तर जड वाहनांना बंदी असते ती वेळ बघून निघा. देवगड, कणकवली, मालवणवाल्यांना पुणे-कोल्हापूर करून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट हा पर्याय आहे, करूळ २०२४ मध्ये कामासाठी बंद होता, काँक्रीट करून पुन्हा उघडलाय, पण दरडीचं तिथेही बघून घ्यावं लागतं. सावंतवाडी, वेंगुर्ल्याला आंबोली. रत्नागिरी, लांज्याला आंबा घाट. चिपळूण, गुहागरला कराडवरून कुंभार्ली, पण मुंबईवाल्यांना कशेडी बोगद्यानंतर त्याची गरज उरलेली नाही. पुण्याकडून किलोमीटर आणि टोल दोन्ही जास्त, गणपतीत टोलमाफीचे पास मिळतात ते आधी काढून ठेवा. पावसात सिंधुदुर्गातल्या चांगल्या रस्त्यावर सगळ्यात मोठा धोका मोकाट गुरांचा आहे, कोरडं म्हणून ती रात्री काँक्रीटवर येऊन बसतात, काळी म्हैस हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसते, तिथे रिकामा रस्ता बघून शंभरला नेऊ नका.

आणि एसटीने जाणार असाल तर चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या, गाडी आपल्या फाट्यावर सर्विस रोडने येणार की पुलावरून जाणार, कारण पुलावरून गेली तर पुढे जिथे उतरवतील तिथून सामान घेऊन चार लेन ओलांडून मागे चालत यावं लागतं. रात्रीची गाडी असेल तर बॅटरी जवळ ठेवा आणि घरच्या कोणाला तरी खाली रस्त्यावर घ्यायला बोलवा.